आमची वाटचाल : वहीचा शब्द

चिपळूणच्या आमच्या परमिट रूमची ही दुसरी पिढी. बाबांनी सुरुवात केली तेव्हा सहा टेबलं होती आणि स्वयंपाकघरात आई. लोक पेगसाठी येत आणि आईच्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यासाठी बसून राहत.

आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो, म्हणून ही 'परमिट' रूम. आमचा परवाना एफएल-3, म्हणजे विदेशी मद्य बसून प्यायला देण्याचा. गिऱ्हाइकाचा एका दिवसाचा पाच रुपयांचा. बाबा आधी तो फाडून देत, मगच ऑर्डर घेत. वयाची अट बिअरला 21, कडक दारूला 25. लोटे एमआयडीसीतली नवी पोरं पहिल्या पगाराच्या आनंदात येत. वय बसत नसेल तर बाबा त्यांना जेवायला घालत आणि घरी पाठवत.

रात्री शटर ओढल्यावर ते नोंदवही घेऊन बसत. आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, अखेरची शिल्लक. फुटलेली बाटलीसुद्धा त्याच दिवशी वहीत. 26 जुलै 2005 च्या पुरात जुन्या वह्यांचा लगदा झाला आणि त्या दिवसापासून घरात नियम आला : कागद रात्री खाली ठेवायचे नाहीत. परवाना, चलनं, वह्या, सगळं वरच्या मजल्यावर आमच्या घरात.

बाबा गेले आणि वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायला घेतला. "बाई बार चालवणार?" असं पुष्कळांनी विचारलं. मी चालवला.

परवान्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. 2017 चा 1 एप्रिल मात्र आम्हाला कुलूप घेऊन आला. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्या दिवशी लागू झाला. 20 हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना अंतर 220 मीटर होतं. चिपळूणची वस्ती त्याहून कितीतरी जास्त. रस्त्यावरचे अपघात थांबायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचे आठ कामगार कुठे जाणार होते? मी नुसती खानावळ चालवली, आईचे दागिने गहाण ठेवले, पण एकालाही काढलं नाही. नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश आडवा येत नाही, असा खुलासा न्यायालयाने 11 जुलैला केला. तरी नूतनीकरण हातात पडेपर्यंत पावसाळा सरत आला होता.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी नदीचं पाणी पहाटेच शिरलं आणि तळमजला छतापर्यंत बुडाला. आम्ही जिन्यावर बसून फ्रीज तरंगताना पाहिला. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल, त्यात बाटल्या. असा माल विकता येत नाही आणि परस्पर फेकताही येत नाही. उत्पादन शुल्क अधिकाऱ्यांसमोर पंचनामा करून नष्ट करावा लागतो. आम्ही दोन दिवस बाटल्या उपसून, धुऊन ब्रँडप्रमाणे रांगेत लावल्या. काही लेबलं निघून गेली होती, ती आमच्या जुन्या वेटरकाकांनी काचेच्या आकारावरून ओळखली. मी वरून कोरडी वही आणली.

अधिकारी एकेक ओळ वाचत होते, काका मोजत होते. शेवटच्या रात्रीची शिल्लक आणि रांगेतल्या बाटल्या, फुटक्या धरून, तंतोतंत जुळल्या.