आमची वाटचाल : ओळखीचा आवाज

मोजमापाचा एक कपलर (कानाच्या नळीची नक्कल करणारं उपकरण) आणि सोल्डरिंगचं सामान, एवढ्यावर आम्ही तिघांनी इन-इअर हेडफोन बनवायला घेतले. पहिल्या मॉडेलचा ग्राफ, म्हणजे कोणता स्वर किती मोठा येतो ती रेघ, आम्ही फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ आणला. ऐकलं तर गायिका जाड पडद्याआड उभी!

कारण नंतर उमगलं. मोकळ्या कानाची नळी साधारण 25 मिलिमीटर लांब असते आणि 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपसूक वाढवते. जगातला प्रत्येक आवाज आपण त्या वाढीसकटच ऐकत आलोय. इन-इअर घातला की नळीचं तोंड बुजतं आणि ती वाढ नाहीशी होते. ड्रायव्हर (आतला चिमुकला स्पीकर) आणि आवाज गाळणाऱ्या फिल्टरच्या जुळणीतून ती परत द्यावी लागते. कमी पडली तर गाणारा लांब जातो, जास्त झाली तर अंगावर ओरडतो. नेमकी किती द्यायची, यात आमचे कित्येक महिने गेले, आणि ते गेले याचं मला जराही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या मॉडेलवर दोन टोकांच्या तक्रारी आल्या. कुणी म्हणे बास नाहीच, कुणी म्हणे फार घुमतो. वस्तू तर एकच. दोष इअरटिपच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोपीच्या, मापात होता: फट राहिली की सगळ्यात आधी खालचे स्वर गळतात. तेव्हापासून खोक्यात पाच मापांच्या टिपा देतो.

दोन मॉडेलं ताडून पाहताना आता आधी दोन्हींची पातळी मीटरवर सारखी करतो. एखाद्या डेसिबलनं मोठा असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. आम्ही यात अनेकदा फसलो.

पण नैसर्गिकपणाची खरी पारख माणसाच्या बोलण्यावर होते, असं माझं ठाम मत आहे. आमची एक सहकारी समोर बसून उतारा वाचते, आणि लगेच आम्ही तिचंच रेकॉर्डिंग इन-इअरवर ऐकतो. ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, ‘म’ नाकात अडकतो का, वाक्यांमधला श्वास ऐकू येतो का. मायक्रोफोनचाही स्वतःचा रंग असतो, म्हणून रेकॉर्डिंग दोन वेगळ्या मायक्रोफोनवर करतो. त्या ‘स’बाबत ग्राफवर विसंबत नाही; 8000 हर्ट्झच्या आसपास कपलरचा स्वतःचा अनुनाद (ठरावीक स्वर आपसूक वाढवणं) मध्ये येतो आणि इन-इअर किती आत बसवलाय त्यानुसार तो सरकतो.

निकाल मात्र तिला विचारत नाही. स्वतःचा आवाज आपल्याला हाडांमधूनही पोहोचतो, त्यामुळे रेकॉर्डिंग ज्याचं त्याला परकंच वाटतं. म्हणून तिच्या मुलीला बोलावतो. सध्याचं मॉडेल तिच्याकडे चारदा गेलं. तीन वेळा ती म्हणाली, “आईला सर्दी झाल्यासारखं वाटतंय.” दर वेळी आम्ही 1000 हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा आणखी थोडा खाली आणला. चौथ्या वेळी ती काही बोललीच नाही, उतारा संपेपर्यंत ऐकत राहिली. तेच ट्यूनिंग आम्ही कायम केलं.