पट्टीची पिशवी

बीडला एका घरी कपाटाची दोन शटरे बिजागरीवर चढवण्याआधी मी ती शेजारी शेजारी उभी केली आणि मागून मोबाइलचा दिवा धरला. वरच्या टोकाला कडा टेकलेल्या होत्या, खालच्या टोकालाही टेकलेल्या होत्या, आणि मधोमध मात्र उजेडाची लांबट फट होती. सर्वांत रुंद जागी ती अर्ध्या सुताहून जास्त, म्हणजे दोन मिलिमीटर भरली. घरमालकीण शाळेत शिक्षिका आहेत. त्या मागेच उभ्या होत्या आणि त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "मिस्त्री, हे असंच राहणार का?" गेली अनेक वर्षे मी हे काम करतो आहे, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते, कारण दोन्ही कडा मी स्वतः ट्रॅक सॉने, पट्टी लावून कापल्या होत्या आणि पट्टी लावून कापलेली कड वाकडी येते ही गोष्टच माझ्या मनाला मान्य नव्हती.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक सॉ ही ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून घसरत जाणारी करवत असते. पट्टीच्या एका कडेला रबराची पातळ झालर असते. पट्टी नवी असताना पहिल्याच फेरीत करवत ती झालर आपल्या पात्याच्या मापाने छाटून घेते आणि त्यानंतर झालरीची कड म्हणजेच कापाची रेषा. आखलेल्या खुणेवर झालर टेकवायची आणि यंत्र पुढे न्यायचे. सनमायकाचा कपचाही उडत नाही. आमच्याकडे 1400 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आहेत. आठ फुटी प्लायचा उभा काप घ्यायचा असला, तर खाचेत लोखंडी जोडपट्ट्या घालून, त्यांचे बारीक स्क्रू आवळून, या दोन पट्ट्यांची एक लांब पट्टी करावी लागते. कारखान्यात मोठे पॅनेल सॉ असताना साइटवर कशाला कापता, असे लोक विचारतात. जुन्या घराच्या भिंती ओळंब्यात नसतात, हे त्याचे उत्तर आहे. वर आणि खाली मापात एक इंचाचा फरक निघालेली घरे मी बीडलाही पाहिली आहेत आणि पैठणलाही.

त्या दिवशी मी जे केले ते लिहायला जड जाते. माझ्याबरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा कामाला होता. पट्ट्यांची पिशवी उचलणे, टेम्पोत ठेवणे, जिन्यावरून वर नेणे हे त्याचे काम होते. फट दिसताच मी त्या बाईंच्या देखत त्याला म्हणालो, "पट्टी तूच पाडली असणार, नाहीतर ती वाकतेच कशी?" तो म्हणाला, "काका, मी पाडली नाही. जिन्यावर पिशवी टेकत होती, तेवढंच." मी ते ऐकून घेतले नाही. त्या दिवसाची त्याची हजेरी मी कापली आणि शटरे टेम्पोत घालून आम्ही परत निघालो. धुळे-सोलापूर महामार्गाने गेवराई मागे टाकून शहागडला गोदावरी ओलांडेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही आणि मीही बोललो नाही.

छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या आमच्या शेडमध्ये रात्री दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्या. पट्टी सरळ आहे की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. प्लायवर पट्टी ठेवून कडेने धारदार पेन्सिलीची रेषा मारायची, मग पट्टी उलट टोकाने फिरवून त्याच दोन बिंदूंना लावायची आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा रेषा मारायची. पट्टीत जेवढा बाक असेल त्याच्या दुप्पट अंतर दोन रेषांमध्ये दिसते, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा दोषही सापडतो. माझ्या दोन्ही पट्ट्यांच्या बाबतीत रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. पट्ट्या वाकलेल्या नव्हत्याच. तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ज्या आरोपावर मी त्या मुलाची हजेरी कापली होती तो आरोपच उरला नव्हता.

मग पट्ट्या जोडून पाहिल्या. सांध्यावर बोट फिरवले तर काही कळले नाही. नख फिरवले तेव्हा एका पट्टीच्या मागच्या कोपऱ्यावर, म्हणजे झालरीच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यावर, ते अडकले. ॲल्युमिनियम तिथे ठेचून टोकाबाहेर फुगले होते. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर गाठ यावी तसा तो बारीकसा फुगवटा होता आणि त्याच्या भोवतीचा मुलामा उडून पांढुरका धातू चमकत होता. शेजारच्या टर्नरकडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, आणले. दोन्ही टोके तो फुगवटा मध्ये धरून समोरासमोर टेकवली आणि तिथे राहिलेल्या फटीत पाती घालून पाहिल्या. 0.3 मिलिमीटरची पाती गेली, त्याच्या पुढची गेली नाही.

हिशेब मी तिथेच, प्लायच्या तुकड्यावर मांडला. पट्टी साधारण 180 मिलिमीटर रुंद आहे. टोके एकमेकांवर दाबून जोडताना मागच्या बाजूला 0.3 मिलिमीटरचा अडथळा आला आणि झालरीच्या बाजूला टोके भिडली, तर दोन पट्ट्या सरळ रेषेत न राहता किंचित कोनात बसतात. 180 मिलिमीटरला 0.3 म्हणजे दर मीटरला सुमारे 1.7 मिलिमीटरचा तिरकेपणा होतो. आमचे शटर 2400 मिलिमीटर उंच होते आणि 2800 ची जोडलेली पट्टी दोन्हीकडे 200 बाहेर ठेवल्यामुळे सांधा बरोबर मध्यावर आला होता. अशा कापात मध्यावर 1 मिलिमीटरचा खोलगटपणा येतो. दोन शटरांच्या समोरासमोरच्या दोन्ही कडा तशाच कापलेल्या, म्हणून फट 2 मिलिमीटरची. आकडा जुळला तेव्हा समाधान वाटायला हवे होते. मला मात्र तो मुलगा जिन्यावरून वर जाताना दिसायला लागला.

ती पिशवी मीच निवडली होती. ऑनलाइन, चित्र पाहून, स्वस्त मिळाली म्हणून. वर्णनात लांबी 1400 असे होते, पण ती बाहेरची लांबी निघाली, म्हणून मी 1600 च्या पट्टीसाठी असलेली दुसरी मागवली. (बॉशची पट्टी 1600 ची येते, मकिता आणि फेस्टूलची 1400 ची, आणि विकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हा फरकच ठाऊक नसतो.) त्या पिशवीत आमच्या पट्ट्या वीत-दीड वीत मोकळ्या राहत. खांद्यावर अडकवली की वजन एका टोकाला घसरे आणि ते टोक खाली लोंबे. रबरी झालर दुमडू नये म्हणून झालर वरच्या बाजूला ठेवायची, असा माझाच दंडक होता. त्यामुळे मागचा कोपरा नेहमी खाली राही. पिशवीच्या तळटोकाला ना रबर होते ना फोम, नुसते कापड होते. बुटक्या मुलाच्या खांद्यावर दीड मीटरहून लांब पिशवी, जुन्या घरांचे उभे जिने, आणि प्रत्येक पायरीला टेकणारा तोच एक कोपरा. "जिन्यावर पिशवी टेकत होती" हे त्याचे वाक्य शब्दशः खरे होते.

आमच्या व्यवसायात यंत्राला लाख जपतात आणि पट्टीला कोणी विचारत नाही, हे मी रागाने लिहितो आहे. करवतीला कुलपाची पेटी असते, आणि तिला रेषा देणारी पट्टी बारदानात, जुन्या चादरीत किंवा सरळ प्लायच्या थप्पीवर उघडी टाकून, वरून दोरी आवळून नेली जाते. जाणते म्हणवणारे मिस्त्रीसुद्धा हेच करतात आणि मग कड रंध्याने सरळ करत बसतात. मराठवाड्याच्या उन्हाचाही कोणी विचार करत नाही. मे महिन्यात टेम्पोच्या हौद्यात काळी पिशवी तीन तास उन्हात राहिली, तर पट्टीखालच्या न घसरणाऱ्या फोमच्या पट्ट्यांचा गोंद मऊ पडतो, त्या एका बाजूला सरकतात आणि काळ्या मातीची धूळ तिथे कायमची चिकटते. मग पट्टी प्लायला धरून राहत नाही, कापताना सरकते, आणि दोष पुन्हा कापणाऱ्याच्या हातावर येतो.

नवी पिशवी मी विकत आणली नाही. मोंढ्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक वयस्क कारागीर बसतात. दोन्ही पट्ट्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पट्टी हातात घेतली, तिचा तोल पाहिला, झालरीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "याचं नाजूक अंग कोणतं?" विकणाऱ्या एकाही माणसाने मला हा प्रश्न विचारलेला नव्हता. मी दोन अंगे सांगितली, एक झालर आणि दुसरे टोक. त्यांनी आतली लांबी 1430 धरली, म्हणजे पट्टी सरकणार नाही आणि बोटे घालून काढताही येईल. दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड कापडाचा पडदा घातला, कारण पडदा नसला तर एकीची झालर दुसरीच्या पाठीवर घासून कडेने झिजते. चेन टोकाला न लावता संपूर्ण लांबीभर आणि एका टोकाला वळवून लावली, त्यामुळे पिशवी पुस्तकासारखी उघडते आणि पट्टी ओढून काढावी लागत नाही, उचलून घेता येते. चेन मोठ्या दातांची प्लास्टिकची घेतली. धातूची चेन पट्टीवर ओरखडे पाडते. जोडपट्ट्या आणि त्यांची चावी यांना बाहेरून वेगळा खिसा केला. पूर्वी त्या पट्ट्यांबरोबरच आत खुळखुळत असत.

दोन्ही टोकांना ट्रकच्या मडगार्डच्या रबराचे तुकडे, त्यांच्या आत दहा मिलिमीटरचा दाट फोम, आणि एका कुशीत मी दिलेली सहा मिलिमीटर प्लायची फळी, म्हणजे पिशवी आडवी झुकत नाही. बंद त्यांनी कापडावर नुसते टाचले नाहीत. तळाखालून पूर्ण वळसा घालून आणले, जेणेकरून वजन शिलाईवर न येता बंदांवर येईल. खांद्याचा पट्टा नको असे मी सांगितले. त्याऐवजी मध्यापासून सारख्या अंतरावर दोन मुठी लावल्या, म्हणजे पिशवी आडवीच उचलावी लागते आणि जिन्यावर दोन माणसांनी धरावी लागते. ताडपत्री फिकट राखाडी घेतली आणि तळाला दोन रिंगा ठोकून भोके ठेवली, कारण पावसात भिजलेली पट्टी बंद पिशवीत राहिली तर गोंद सुटतोच. हे सगळे केवळ 1400 च्या पट्टीपुरते आहे. तीन मीटरच्या अखंड पट्टीसाठी मऊ पिशवीचा नाद करू नये; तिला प्लायची लांब पेटीच हवी.

फुगवटा मी बारीक कानशीने उतरवला आणि चारही कोपरे किंचित गोल केले. जोडण्याची सवयही बदलली. टोके एकमेकांवर दाबून जोडणे हीच मुळात चूक होती. सांध्यात केसभर फट ठेवायची आणि लांब सरळ पट्टी कडेला धरून मगच स्क्रू आवळायचे, हे मला माहीत होते आणि घाईत मी ते सोडून दिले होते. तसे केले असते तर फुगवटा असूनही काप सरळ आला असता. म्हणूनच हा प्रसंग मनातून जात नाही. कोपरा पिशवीने ठेचला, पण रेषा माझ्या हातांनी वाकवली, आणि या दोन्हींत त्या मुलाचा वाटा कुठेच नव्हता.

शटरांच्या कडा शेडमध्ये पुन्हा सरळ कापल्या, प्रत्येकी मिलिमीटर-दीड मिलिमीटर माल गेला, आणि 0.8 च्या ऐवजी 2 मिलिमीटर जाडीची एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, लावून माप भरून काढले. चौथ्या दिवशी बीडला जाऊन ती बसवली. बाईंना मी खरे कारण सांगितले आणि त्या दिवशी मुलावर घेतलेला आळ खोटा होता हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "हे त्याच्यासमोर सांगायला हवं होतं." तो त्या दिवशी बरोबर आला नव्हता.

कापलेली हजेरी मी दुसऱ्या आठवड्यात शेडमध्ये, सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली आणि चूक माझी होती असे म्हणालो. त्याने पैसे मोजले, खिशात ठेवले आणि "बरं काका" म्हणून कामाला लागला. तो अजून माझ्याकडेच आहे, काम चोख करतो, करवतीची पेटीही नेतो, प्लायही चढवतो. फक्त टेम्पो भरताना ती राखाडी पिशवी तो भिंतीशी तशीच राहू देतो, सगळे सामान चढले की तिच्याजवळ येऊन उभा राहतो आणि मी पुढची मूठ धरल्यावरच मागची धरतो.