यमू, उठ गं

आठवा महिना चालू आहे आणि बाळाच्या कपड्यांपेक्षा नावांच्या याद्याच जास्त झाल्यात घरात. बहिणीने पाठवलेली, ऑफिसमधल्या मैत्रिणीने पाठवलेली, एक नवऱ्याने एक्सेलमध्ये केलेली (त्यात 'अर्थ' असा कॉलमपण आहे, काय बोलणार). सगळ्या वाचल्या. आर्वी, अन्वी, आन्वी, मिश्का, किआरा. वाईट एकही नाहीये, पण दहा नावं सलग वाचली की अकरावं वाचेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असतं.

आणि मग मागच्या आठवड्यात कपाट आवरताना आजीची विणकामाची वही सापडली. निळी शाई, पानांच्या कडा पिवळ्या, आत "दोन सुलट, एक उलट, परत दोन सुलट" असले हिशोब, आणि पहिल्या पानावर कोपऱ्यात फक्त 'यमुना' एवढंच. आडनाव नाही काही नाही. ते म चं पोट जरा जास्तच गोल काढलंय. मी ते पान बघत किती वेळ बसले मलाच माहीत नाही, पण उठले तेव्हा मनात नाव ठरलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला चांगलंय, पण यम येतो ना त्यात. म्हटलं अरे यम या शब्दाचा एक अर्थ जुळा असापण आहे, यम आणि यमी जुळी भावंडं, आणि यमुना म्हणजे तीच ना यमाची बहीण! भाऊ एवढा वजनदार असलेली मुलगी, तिला कोण त्रास देणार. त्याने एक्सेलमध्ये टाकलं नाव, सर्वात खाली.

मग मी वाचत बसले. आनंदीबाई जोशी, 1886 साली अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या, त्यांचं जन्माचं नाव यमुना. रमाबाई रानडे, त्यापण जन्माने यमुना. म्हटलं वा, अजून काय पाहिजे! आणि मग दुसऱ्याच मिनिटाला लक्षात आलं की दोघींचं हे नाव लग्नात बदललं गेलं, म्हणजे ज्या नावाचा मी एवढा अभिमान बाळगायला निघाले ते त्यांच्याकडे जेमतेम लहानपणापुरतं राहिलं. आता तर मला ते जास्तच हवंसं वाटायला लागलंय. एखाद्या यमुनेने शेवटपर्यंत यमुनाच राहावं की.

एक गंमत मात्र कळली, जुनी नावं परत येतात पण मधली एक-दोन पिढी जावी लागते. अमेरिकेत 1880 पासूनच्या बाळांच्या नावांची सरकारी यादी आहे, त्यात सुरुवातीला एमा हे नाव एकदम वर, मग 1970 च्या दशकात पार खाली गेलं, आणि 2008 ला पहिला नंबर, मग 2014 ते 2018 सलग पाच वर्षं परत पहिला नंबर. आपल्याकडेपण तेच दिसतं बघा. रमा, उमा, तारा, इरा छान परत आल्या, पण संगीता, सुनीता, वैशाली ठेवायला कोणी तयार नाही, कारण त्या आपल्या आया-मावश्या आहेत, अजून आपल्याला ओरडतात. पणजीचं नाव क्लासिक आणि आईचं नाव जुनाट, हा सरळसरळ अन्याय आहे पण आहे. दोन अक्षरी असलं की अजून सोपं. भागीरथीची वाट बघणाऱ्यांनी जरा दम धरा.

शाळेत चिडवतील वगैरे मला फारसं वाटत नाही, मुलं कुठल्याही नावाला चिडवतात, आमच्या वर्गात तर साध्या नेहाला पण सोडलं नव्हतं.

खरी अडचण आईची झाली. फोनवर तिला सांगितलं तर ती आधी काहीच बोलली नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "अगं पण मी तिला हाक कशी मारू? माझ्या आईच्या नावाने 'यमे, दूध सांडू नकोस' असं कसं म्हणू मी?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासाठी यमुना म्हणजे वहीतलं एक गोल म. तिच्यासाठी ती आई आहे, जाऊन नऊ वर्षं झाली तरी, आणि आईला अगं-तुगं करता येतं पण रागावता येत नाही. मग तीच हळूच म्हणाली की आजीला तिचे वडील यमू म्हणायचे, बाकी कोणी नाही. हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी घरात एकटी असले की स्वयंपाकघरातून मोठ्याने हाक मारून बघते, "यमू, उठ गं, उशीर झालाय." चांगलं वाटतं कानाला. मू लांबवता येतो मस्त. रागावून म्हणून बघितलं, तेपण जमतं.

नवऱ्याने काल ऐकलं हे सगळं दारातून आणि म्हणाला ठीक आहे, जुनंच तर जुनं, मग मुलगा झाला तर माझ्या पणजोबांचं दामोदर ठेवू.

मी म्हटलं, छे, काहीतरीच काय!