काढलेला प्रॉपेलर शाफ्ट परत बसवण्याआधी

व्हॅन आली तेव्हा फक्त मागच्या चाकांवर चालत होती. फोक्सवॅगन टी३ सिंक्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, १९८५ ते १९९२ या काळात ऑस्ट्रियातल्या ग्राझला श्टायर-डाइम्लर-पुखच्या कारखान्यात बनलेली जात. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे, आणि प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पुढे नेणारा लांब दांडा, गिअरबॉक्सच्या नाकातून निघून पुढच्या डिफरेन्शियलकडे, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीकडे, जातो. तोच शाफ्ट काढलेला होता. डिफरेन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे पुढचे दोन्ही हाफ शाफ्टही निघालेले. सामान सीटखाली पोत्यात बांधून ठेवलेलं. मालकाचं म्हणणं एवढंच, की हे परत लावून द्या.

लावायला वेळ लागत नाही. पण शाफ्ट कोणी हौसेने काढत नाही. एक तर व्हिस्कस कपलिंग, म्हणजे शाफ्ट आणि पुढचं डिफरेन्शियल यांच्यामधला घट्ट तेलावर चालणारा सांधा, जाम झालेलं असतं, किंवा शाफ्ट थरथरत असतो, किंवा गिअरबॉक्स बदलताना वेगळ्या गुणोत्तराचा बसवलेला असतो. कारण न शोधता शाफ्ट जोडला तर तीच तक्रार परत येते, आणि या खेपेला गिअरबॉक्सला घेऊन जाते.

आधी पुढचे हब पाहिले. हाफ शाफ्ट काढले तरी बाहेरच्या जॉइंटचा स्प्लाइनचा (उभ्या खाचांचा) तुकडा हबमध्ये नटने आवळलेला राहायलाच हवा, कारण चाकाचं बेअरिंग त्याच्याच दाबावर एकत्र धरलेलं असतं. तो तुकडा काढून गाडी चालवली की बेअरिंग सुटत जातं. इथे काढणाऱ्याने तुकडे जागेवर ठेवले होते, चाकाला प्लेही (ढिलाई) नव्हता. जाणता माणूस होता तो.

मग गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते. हे शाफ्ट बाहेर असतानाच तपासून घ्यावं. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) चढवून गिअर न्यूट्रलला ठेवला. मागची दोन्ही चाकं बरोबरीने १० फेरे फिरवायची आणि गिअरबॉक्सच्या नाकावरचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) किती फिरतो ते मोजायचं, फ्लँजवर खडूची रेघ ओढून. पुढेही तसंच, त्यासाठी हाफ शाफ्ट तात्पुरते जोडून. दोन्ही चाकं बरोबरीने फिरणं महत्त्वाचं. एकच फिरलं तर हिशेब निम्मा येतो. गुणोत्तर ४.८६ असेल तर फ्लँज साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास फिरतो, ५.४३ असेल तर चोपन्नाच्या वर. एका टोकाला हे आणि दुसऱ्याला ते असेल तर जवळजवळ १२ टक्के फरक कपलिंगला रात्रंदिवस गिळावा लागतो. या गाडीत दोन्हीकडे आकडा जुळला. गुणोत्तराचा संशय फिटला.

कपलिंगची थंड परीक्षा अशी: पुढचं एक चाक जमिनीवर, दुसरं अधांतरी. कपलिंगच्या फ्लँजला दोन बोल्ट लावून त्यात लोखंडी पट्टी अडकवली, म्हणजे फ्लँज फिरणार नाही. मग अधांतरी चाकाच्या हबला लांब दांडा लावून एकसारखा जोर द्यायचा. चांगलं कपलिंग हळूहळू, मधात चमचा फिरवावा तसं, सरकतं. मेलेलं कपलिंग हाताने गरगर फिरतं, जाम झालेलं हलत नाही. आमचं सरकलं, थोडं जड वाटलं एवढंच. इथे बरेच जण समाधान मानतात. मानू नये. थंड कपलिंग अर्धीच गोष्ट सांगतं.

मग शाफ्ट लावला. तो आधी सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका प्रतलात आहेत का ते पाहिलं, कारण योक आडवेतिडवे असतील तर कितीही बॅलन्स केला तरी शाफ्ट थरथरतो. योकांना जोडणारा क्रॉस हाताने चारही बाजूंना वाकवून बघायचा. मधल्या जागेवर तो अडखळला की आतल्या बेअरिंगच्या सुया खड्डे पाडून बसल्यात असं समजावं. हे क्रॉस गुळगुळीत होते. हाफ शाफ्टचे जॉइंट धुऊन प्रत्येकात सुमारे ९० ग्रॅम मॉलिब्डेनमचं ग्रीस भरलं, त्यांवरचे फाटके रबरी बूट बदलले. या जॉइंटचे बोल्ट एम-८, बाराकोनी खोबणीचे. खोबणीत साचलेली माती खिळ्याने उकरून मगच पाना ठोकून बसवायचा, नाहीतर खोबणीच झिजते. टॉर्क ४५ न्यूटन मीटर. पुढच्या डिफरेन्शियलचं तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

गाडी चांगली तापेपर्यंत हायवेवर फिरवली आणि लगेच कोरड्या डांबरी जागेत, रेस न देता, स्टिअरिंग पूर्ण कापून गोल घेतला. वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर चालतात, म्हणून त्यांना मागच्यांपेक्षा जोरात फिरायचं असतं. तेवढी मोकळीक कपलिंगने द्यायला हवी. इथे कोणी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी जागीच थांबली. क्लच दाबला तरी पुढे घरंगळेना.

कारण आत घडतं. कपलिंगमध्ये चकत्या, सिलिकॉन तेल आणि मुद्दाम ठेवलेली थोडी हवा असते. तेल तापून फुगतं, हवेची जागा संपते, दाब वाढतो, आणि चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन कपलिंग एकसंध लोखंड बनतं. चिखलात अडकलेल्या गाडीला हेच तारतं. पण डांबरावर ते इतक्या लवकर होता कामा नये.

नवं कपलिंग मागवण्याआधी टायर मोजले. गाडी बराच काळ मागच्या चाकांवर ओढली गेल्यामुळे मागचे टायर पुढच्यांपेक्षा ४ मिलिमीटरने जास्त झिजले होते. म्हणजे परिघात २५ मिलिमीटरचा फरक, दोन मीटरच्या घेऱ्यात सव्वा टक्का. सरळ रस्त्यावरही कपलिंग सतत घसरत तापत होतं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे घातले आणि तीच फेरी परत मारली. गाडी थोडी सुटली, पण तापल्यावर पुन्हा धरलीच. तेव्हा कपलिंगच गेलं हे नक्की झालं.

कपलिंग आम्ही गॅरेजात उघडत नाही. तेल आणि हवा यांचं प्रमाण मोजूनच भरावं लागतं. ते अंदाजाने भरलं की कपलिंग मेलं तरी किंवा पुन्हा जाम तरी. तपासून भरलेलं दुसरं बसवलं. तापल्यावरही गोल फेरी मोकळी गेली, आणि ओल्या गवताच्या चढावर मागची चाकं जरा घसरताच पुढच्यांनी गाडी ओढली.

मग शाफ्टची थरथर ऐकू आली, ताशी ७० किलोमीटरच्या पुढे. एका टोकाचा फ्लँज एक बोल्ट सरकवून बसवला, परत चालवली, आणखी एक सरकवला तेव्हा ती गेली. ती जागा दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली.

मागच्या डिफरेन्शियल लॉकच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या लॉकच्या, व्हॅक्यूम नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या. त्या बदलल्या की लॉक लागला. मालकाला गाडी देताना दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या: टायर बदलायचे तर चारही एकदम, आणि ५०० किलोमीटरनंतर जॉइंटचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे.