रुमालातली 50 एमएम

2019 च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरला होतो. सीझन म्हणजे सकाळी शटर उघडल्यापासनं गर्दी, आणि येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारणार, किती मेगापिक्सलचा? मग मी एक आकडा सांगायचो आणि दोन लेन्सवाला डबल किट पुढं सरकवायचो, कारण टार्गेट त्याचंच असायचं. गिऱ्हाईक फोटो कशाचे काढणार, हे विचारायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो.

त्या दिवशी दुपारी खानापूरकडचे एक मामा आले, सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला टोपी, सोबत पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेली नात. मालकांनी सवयीनं कानडीत "बन्नी बन्नी", म्हणजे या या, म्हटलं, मामा म्हणाले "आलो की ओ" आणि सरळ माझ्यासमोर स्टुलावर बसले. नातीनं मोबाईलवर सगळं बघून ठेवलेलं, तिला डबल किटच पाहिजे होतं. मामांनी एकही आकडा विचारला नाही. म्हणाले, गावात माझा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, कधी लग्न. इतकी वर्षं रोलवर केलं, आता रोल धुणारंच कोण राहिलं नाही, मग काय करायचं सांगा. आणि छत्रीचे दोन लाईट आहेत माझे, ते चालले पाहिजेत.

ह्या शेवटच्या वाक्यानं मी जागा झालो. कारण काही स्वस्त मॉडेलात वर फ्लॅश बसवायच्या पट्टीत मधली पिनच नसते, मग लाईटला इशारा देणारा साधा ट्रिगर लावून बाहेरचे फ्लॅश लाईट उडतच नाहीत, आणि मी दोन मिनिटांत त्यांना तसलाच दाखवणार होतो. तो बाजूला ठेवला आणि निकॉनचा डी3500 काढला, सोबत येणाऱ्या किट लेन्ससकट तीस हजारांच्या वर जात होता, त्यांच्या बजेटात बसत होता. फोटो 6000 बाय 4000 पिक्सलचा, आणि अल्बमचं 12 बाय 18 इंचाचं पान 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायला 5400 बाय 3600 लागतात, म्हणजे त्यांच्या कामाला भरपूर. मामांनी हातात घेऊन तोलला, "खेळण्यासारखा हलका आहे गा" म्हणाले. बॅटरी-कार्ड घालून 415 ग्रॅम, खरंच हलका.

मग त्यांनी खिशातनं रुमाल काढला, चार घड्या उलगडल्या, आत निकॉनचीच 50 एमएम 1.8 डी लेन्स. एफएम10 ह्या त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याला लावायचे ती. रिंगवरचे आकडे बोटं लागून लागून पुसट झालेले, पण काच बघाल तर एक ओरखडा नाही. "ही बसणार काय?"

बसते म्हटलं, पण मामा, ह्या बॉडीत मोटर नाही, ही जुनी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरते, त्यामुळं आपोआप फोकस होणार नाही. मोटरवाली निकॉनची 7000 सिरीजची बॉडी घ्यायची तर पैसे डबलच्या वर. मला वाटलं आता उठतील. ते म्हणाले, "फोकस मी करतो की बाळ, चाळीस वर्षं दुसरं काय केलंय."

लेन्स चढवली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर आत एफईई अशी चुकीची खूण लुकलुकायला लागली आणि शटर पडेना. मला घाम फुटला. एवढी जपलेली लेन्स, माझ्या हातून काय झालं की काय, बॉडी खराब समजून दुसरा बॉक्स फोडायला घेतला, तोपर्यंत नात मागचा स्क्रीन वाचत होती, म्हणाली, दादा, रिंग सगळ्यात मोठ्या नंबरवर लॉक करा म्हणतंय. रिंग 22 वर आणली, बाजूचं बारीक लॉक सरकवलं, चाललं! पण आता मामा अडले. "22 वर अडकवली तर सगळा अंधार येणार की ओ." बरोबरच होतं त्यांचं, नंबर मोठा तितकं उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र लहान, आणि आयुष्यभर ते छिद्र त्या रिंगनंच लहानमोठं केलेलं. मग दाखवलं, आता ते काम मागच्या चाकावर गेलंय, मोड ए वर ठेवून चाक फिरवा. त्यांनी 1.8 पर्यंत आणलं, मग विचारलं, रोल कितीचा धरायचा? म्हणजे आयएसओ, कमी उजेडात मोठा लागतो तो आकडा. म्हटलं 100 पासनं 25600 पर्यंत, पाहिजे तेवढा. ते नुसते बघत राहिले माझ्याकडं, 400 च्या पुढचा रोल त्यांनी कधी घातला नव्हता.

उठून नातीवर कॅमेरा धरला. "खिडकी बारकी केलीय," व्ह्यूफाइंडरबद्दल एवढीच एक तक्रार. एफएम10 ला फोकस बघायला मधे दोन तुकडे जुळवायचं गोल असतं ते इथं नाही, पण फोकस बरोबर झाला की खाली डावीकडं हिरवा ठिपका लागतो तो दाखवला. मग ते एक पाऊल मागं सरले, आणखी एक, आणि मागच्या शोकेसला टेकले. सेन्सर रोलच्या फ्रेमपेक्षा लहान, 36 बाय 24 च्या जागी 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, म्हणून 50 ची लेन्स 75 सारखी बघते, म्हणजे जवळचं आणि अरुंद, मागं सरावं लागतं. मी हे सांगायच्या आधीच मामा म्हणाले, "पासपोर्टला झकास, पण शाळेच्या ग्रुपला नाही चालत, त्याला ती 18 वाली किट लेन्स लागणार." म्हणजे एक किट लेन्स बास, लांबची झूम कशाला? मी गप्प डबल किटचा बॉक्स परत फळीवर ठेवला. नातसुद्धा काही बोलली नाही.

तो फोटो आम्ही स्क्रीनवर मोठा करून बघितला. ट्यूबलाईटच्या उजेडातला, हातानं फोकस केलेला, आणि पोरीच्या डोळ्यातली पापणी न् पापणी वेगळी. मालक गल्ला सोडून बघायला आले. माझ्या हातानं ऑटोफोकसवर असा एक फोटो आला नव्हता त्या काउंटरवर.

पैसे मोजून दिले, नोटा सगळ्या शंभर-दोनशेच्या. मी कॅमेरा किट लेन्स लावून बॅगेत भरत होतो, तर थांब म्हणाले. किट लेन्स काढली, रुमालात चार घड्या घालून गुंडाळली, खिशात टाकली, आणि 50 परत बॉडीवर चढवून कॅमेरा गळ्यात अडकवून खानापूर गाडी गाठायला निघाले.