खुडूस ते वेळापूर

पंढरीच्या वारीत चालत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरलो, नातेपुते झालं, माळशिरस झालं. कुठल्या मुक्कामी काय जेवलो, सगळं एकात एक मिसळलंय. खुडूस फाट्याचं रिंगण एका पायावर उभं राहून पाहिलं. लक्षात राहिली ती त्यापुढची दुपार आणि बाभळीखाली काढलेला उजवा बूट.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. पहाटे दिंडी हलली म्हणून ओलेच सुती मोजे चढवले. सुती मोजा पाणी धरून ठेवतो. ओलं कातडं मऊ पडतं, मोज्याला चिकटून मागे राहतं, आतलं हाड मात्र पावलागणिक पुढे सरकतं. या ओढाताणीत वरचा थर सुटतो नि मधे पाणी भरतं. त्याआधी जागा चटचटते, खरं थांबायचं तेव्हाच: पाय कोरडा करून पट्टी लावली की भागतं. मी ‘विसावा येईलच’ म्हणत चालत राहिलो. टाचेवर रुपयाहून मोठा फोड.

मग सल्ले. एक बुवा म्हणाले, सुईनं दोरा ओवून फोडात ठेवा, पाणी झिरपत राहतं. दुसरे म्हणाले, बिब्बा लावा. मुखात हरिनाम होतं तरी चिडलोच. दोरा म्हणजे जंतूंना आत यायची वाट, आणि बिब्ब्यानं तर धडक्या कातडीलाही फोड येतात.

मागच्या दिंडीतल्या एक मावशी पिशवी घेऊन आल्या. “माऊली, पाय इकडं करा. शुगर हाय का?”

“नाही.”

“असती तर सुई लावली नसती, डॉक्टरकडं धाडलं असतं. फोड बारका, न दुखणारा असता तरी नसती.”

आधी स्वतःचे हात, मग माझा पाय साबणानं धुऊन टिपला. फोडावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. इंजेक्शनच्या सुईचं पाकीट फोडून ती फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन ठिकाणी टोचली. गॉझनं हळू दाबून पाणी काढलं. सुटलेलं कातडं मी ओढायला गेलो तर हातावर चापट. “ते झाकण हाय. आपसूक गळू द्या.” व्हॅसलीनचा पातळ थर, गॉझ, वर कागदी पट्टी, तीही बोटानं सपाट करत. सुरकुती राहिली तर तिचाच नवा फोड होतो. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर चालणं बंद, असं बजावलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही विचारलं.

मग बोटं फाकवली. बेचक्यात चिखल्या, कातडं पांढरं पडून भिजलेलं. “हितं पुसता का कधी?” पुसत नव्हतो. क्लोट्रिमाझोलचं 1 टक्क्याचं मलम, दिवसातून 2 वेळा, पूर्ण कोरडं करून. खाज थांबली की ट्यूब टाकायची नाही, बरं दिसल्यावरही 2 आठवडे लावायचं. भेगांचं मलम टाचेला, बेचक्यात नाही. चरणसेवेचं तेलही मोजे घालण्याआधी पुसायचं.

माझ्यामागे एक आजोबा बसले होते. “मला कायबी दुखत न्हाय,” म्हणाले. त्यांच्या बुटातून हरभऱ्याएवढा खडा निघाला. तळव्याला जखम, मोजा रक्तानं चिकटलेला, आणि शुगर 12 वर्षांची. मावशी पहिल्यांदा गप्प झाल्या. शुगरनं नसा बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही. म्हणून बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा आणि रोज रात्री तळवा कुणाकडून तरी बघून घ्यायचा. आजोबांना त्यांनी रुग्णवाहिकेकडे पाठवलं. ते रडले. जखमेसाठी नाही, वेळापूरच्या टेकडीवरून पळत उतरायचा धावा चुकणार म्हणून.

त्या टेकडीवरून सगळे धावत सुटले. मी कडेकडेनं उतरलो. खरं सांगतो, विठोबापेक्षा पट्टीचाच विचार जास्त होता.

मुक्कामी बूट काढला. गॉझ ओलसर, झाकण जागेवर. मोजे तंबूच्या दोरीला टाकले, आतली बाजू वर करून.