गेम चालले, डोंगल अडला

माझा पीसी 2017 सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, एनव्हिडियाचं जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम. दिवसा त्याच्यावर पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन, रात्री जेवणं उरकली की एज ऑफ एम्पायर्स. तक्रार काहीच नव्हती. पण विंडोज 11 ला आठव्या पिढीच्या खालचे बहुतेक इंटेल प्रोसेसर चालत नाहीत आणि विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार, हे आधीच जाहीर झालेलं. दुकानदार म्हणाला, "दादा, आता नवीनच घ्या." ठणठणीत मशीन केवळ 'पात्र नाही' म्हणून काढून टाकायला जीव होईना. नव्या मशीनऐवजी 480 जीबीची एक एसएसडी घेतली आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं.

जुनी डिस्क विंडोजसकट तशीच राहू दिली. इन्स्टॉल करताना तिची केबलच काढून ठेवली, म्हणजे चुकून भलत्याच ड्राइव्हवर टिचकी पडायला नको. मिंट वीसेक मिनिटांत बसलंही. मध्येच सिक्युअर बूटसाठी, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या पहाऱ्यासाठी, एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो टाकला, रिस्टार्ट दिलं आणि चहा टाकायला उठलो.

तिथेच फसलो. रिस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो, मॉक मॅनेजमेंट नावाचा. मॉक म्हणजे मशीनच्या मालकाने नोंदवलेली सहीची किल्ली. दहा सेकंदांत एखादं बटण दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं आणि मघाचा पासवर्ड द्यायचा. नाही दाबलं तर तो मुकाट्याने निघून जातो, पुन्हा आपणहून येत नाही. चहा घेऊन आलो तेव्हा समोर मिंटचा छान डेस्कटॉप. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, परत सुरू केलं, तर अक्षरं ही मोठाली आणि कार्डाचा पत्ताच नाही. ड्रायव्हरवर ज्या किल्लीची सही असते ती मदरबोर्डच्या ओळखीची नव्हती, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं जात होतं. हे कळायला अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी टर्मिनलमधून किल्ली पुन्हा नोंदवायला लावली आणि या वेळी कीबोर्डवर हात ठेवून बसलो.

गेमची मला खरी धास्ती होती, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचं काम 1993 पासून चालू आहे. त्याच्यावर आधारलेला प्रोटॉन वाल्व्ह कंपनीने 2018 मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात आणला. गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतो, प्रोटॉनमधला दुभाष्या ते व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत करून कार्डाला सांगतो. मला करावं लागलं ते एवढंच, की स्टीमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन लावला.

तरी पहिला दिवस मीच वाया घालवला. डाउनलोड पुन्हा करायला नको म्हणून जुन्या डिस्कची केबल परत जोडली आणि स्टीमला तिच्यावरचाच फोल्डर दाखवला. 'प्ले' दाबलं की बटणाचं 'स्टॉप' व्हायचं, चार सेकंदांनी परत 'प्ले'. ना एरर, ना खिडकी. कारणं दोन. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही ते पूर्ण झोपत नाही, त्यामुळे लिनक्स त्या डिस्कवर लिहायला बिचकतं. दुसरं म्हणजे प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह उभा करतो, त्याच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं असतात आणि विंडोजच्या फाइल सिस्टीमला नावात ती चालत नाहीत. गेम एसएसडीवर कॉपी केला. पहिल्यांदा शेडर, म्हणजे कार्डाला चित्र रंगवायच्या सूचना, तयार होईपर्यंत थांबावं लागलं, मग गावकरी मेंढ्यांमागे धावू लागले. मायक्रोसॉफ्टचाच गेम लिनक्सवर चालताना बघण्यात थोडा आसुरी आनंद आहे, कबूल करतो.

भाच्याचा गेम मात्र नाहीच चालला. त्यातला खेळाडूंची लबाडी पकडणारा प्रोग्राम थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो, प्रोटॉन तिथे काही करू शकत नाही. "मामा, मग तुझा पीसी काय कामाचा?" असं विचारून तो मोबाइल घेऊन बसला. त्याच्यासाठी जुन्या डिस्कवरचं विंडोज सुरू केलं. तर विंडोजमध्ये रात्रीचे आठ वाजता दुपारचे अडीच! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, आणि आपण ग्रिनिचपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे. लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं आणि मिटलं.

आता काम. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयबस या लिनक्समधल्या टंकलेखनाच्या सोयीतून जोडला, बोटांना काही फरक कळला नाही. लिब्रेऑफिस या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायला लागले तेव्हा मात्र डोळ्यांना खुपलं. फॉन्ट बदलायची गरज नव्हती. मजकुराची भाषा हिंदी होती, ती मराठी केली आणि पाकळीचा 'ल' परत आला. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असली तर तो भाषा बघून ठरवतो. इतकी वर्षं या धंद्यात असून हे मला ठाऊक नव्हतं.

खरं घोडं अडलं ते डोंगलवर. माझ्या एका प्रकाशकाच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या उघडणारं सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय हलत नाही. वाइनमध्ये ते सुरू झालं, पण डोंगल त्याला दिसेना, कारण डोंगलचा ड्रायव्हर विंडोजचा आणि वाइन असले ड्रायव्हर चढवत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, वेगळं विंडोज बसवलं. तिथेही यूएसबीच्या यादीत एकही नाव नाही. तीन दिवस मी पोर्ट बदलत होतो, डोंगल पुसत होतो. हवं होतं ते इतकंच, की लिनक्समधलं माझं खातं 'व्हीबॉक्सयूझर्स' या गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. परत आलो, यादीत डोंगल दिसला, टिचकी मारली, त्याचा बारका लाल दिवा लागला आणि 2004 सालचा मजकूर शेंडी-वेलांटीसकट समोर उभा राहिला. बायकोला हाक मारून दाखवला. तिने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जेवायला बोलावलं.

त्या आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवतो, फायली शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर करतो. एक पुस्तक असंच पुरं करून प्रेसला पाठवलं. जुन्या डिस्कची केबल मात्र अजून काढलेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा येतोच.